दुसरा मासा

नैवाशा तळं, केनिया, रविवार रात्र

मत्स्यगरुडाचा फोटो चांगला आलाय. पंख पूर्ण उघडे, पाय पुढे आलेले, नख्या पाण्याच्या वर वीतभर. काकांना पाठवला तर लगेच उत्तर आलं, "जमलं गं एकदाचं!" तेव्हापासून जिवाला चैन नाहीये.

कारण हा गरुडासाठी दुसरा मासा टाकून मिळवलेला फोटो आहे.

पहिल्या वेळी चूक माझीच. पाणघोड्यांसाठी शटर १/५०० सेकंदावर ठेवलं होतं, ते बदललंच नाही. मत्स्यगरुड झेपावताना निदान १/२००० तरी हवं, शिवाय एक्स्पोजर थोडं कमी करायला हवं, नाहीतर काळ्या पाण्यावर ते पांढरं डोकं नुसता चुना होऊन येतं. हे सगळं मला पाठ आहे. तरी राहिलं. आणि मी मागे वळून बोटवाल्याला म्हटलं, "कॅप्टन, अजून एक."

तो क्षणभर थांबला. डबा उघडून त्याने मासे मोजले. ते पुढच्या फेऱ्यांसाठी होते. मग काही न बोलता त्याने एक उचलला.

मासा तयार कसा करतात ते आज अगदी जवळून पाहिलं. लहानसा तिलापिया, मेलेला. मेलेला मासा पाण्यात टाकला की बहुधा बुडतो, आणि हा पक्षी खोल बुडी मारत नाही. वरच्या वीतभर पाण्यातलंच उचलतो. म्हणून काठावरच्या पपायरस या उंच पाणगवताचा दांडा तोडायचा. दांडा तिकोनी असतो, आत पांढरा, हवेने भरलेला हलका गर. त्याचा बोटभर तुकडा माशाच्या तोंडातून पोटापर्यंत सारायचा. मासा आडवा तरंगतो. मग इंजिन बंद, ऊन पाठीशी. वारंही पाठीशी असेल तर उत्तम, कारण पक्षी वाऱ्याच्या तोंडावर उतरतो, म्हणजे आपल्याकडे तोंड करून येतो. वारा उलटा असला की फक्त शेपूट मिळते. मासा हातात उंच धरायचा, शीळ घालायची, पक्षी झाडावरून सुटला की पंधरा-वीस मीटरवर फेकायचा. पाय अगदी शेवटच्या क्षणी पुढे येतात.

पहिला मासा नराने नेला. तो वाळलेल्या बाभळीवर बसून फाडत असतानाच दुसऱ्यासाठी मादी आली. ती आकाराने मोठी, आवाज जाड. दोघं माना मागे टाकून एका सुरात ओरडतात तेव्हा बारीक आवाज नराचा. आईला हा आवाज ऐकवायचा होता. असो.

मला टोचतंय ते नेमकं काय? मासा टाकणं म्हणावं, तर भिगवणला कुरव पक्ष्यांना शेव टाकताना मी कधी इतका विचार केला नाही. (करायला हवा होता. शेव हे त्यांचं अन्नच नाही. मासा निदान गरुडाचा आहे.) पहिल्या माशाचंही काही वाटत नाही. दुसराच टोचतो. पहिला मासा तिथल्या रिवाजाचा होता. दुसरा माझ्या विसराळूपणाचा.

इतकी वर्षं पहाटे उठून, १,९०० मीटर उंचीवरच्या त्या थंडीत कुडकुडत बोटीत बसायचं, आणि हाती एकही असा फोटो नाही जो शीळ न घालता मिळाला. संध्याकाळी हे मनात आलं आणि रडूच आलं. बाकीच्यांना कसं मिळतं सगळं?

मग बसून नीट विचार केला. तासाभराच्या फेरीत ते मिळणारच नाही. हा पक्षी दिवसाचा बहुतेक वेळ फांदीवर बसून काढतो. शिकार थोडकी, क्षणात होणारी. त्यातून जलपर्णीचे तरंगते पट्टे वाऱ्याबरोबर सरकत राहतात. पाणी झाकलं की वरून मासा दिसत नाही, मग पक्षी जागा बदलतो. आज तर तीच जलपर्णी पंख्यात अडकून दोनदा इंजिन वर उचलावं लागलं. दुपारी वारा उठतो आणि तळं खवळतं. मासाई भाषेतल्या 'खवळणारं पाणी' अशा अर्थाच्या शब्दावरूनच त्याचं नाव पडलंय. म्हणजे हाती राहते ती सकाळच.

पाणघोड्यांच्या बाबतीत मी हे कधीच विसरत नाही. तिथे घाई केली तर बोट उलटते. आधी डोकी मोजायची. एखादं कमी झालं की बुडबुड्यांची रेघ शोधायची. तो पोहत नाही, तळावरून चालत येतो आणि पाच मिनिटंसुद्धा खाली राहू शकतो. रेघ आपल्याकडे वळली की लगेच निघायचं. कळप आणि खोल पाणी यांच्यामध्ये कधीच शिरायचं नाही, कारण त्याची पळायची वाट तीच. त्या वेळी मी कॅप्टनला कधी म्हणत नाही, "अजून थोडं जवळ." गरुडासाठी मात्र म्हटलं. तो मला काही करणार नाही, एवढंच कारण.

हेच बहुधा टोचत होतं.

पुढच्या वेळी तीन तासांची बोट सांगायची, पैसे आधीच ठरवून. २०१० नंतर पाणी चढत गेलं तेव्हा काठावरच्या पिवळ्या सालीच्या बाभळी उभ्या उभ्या मेल्या. त्यांच्या खोडांवर पाणकावळे आणि गरुड बसतात. तिथे इंजिन बंद करून बसायचं. मासा नाही, शीळ नाही. फोटो नाही मिळाला तर नाही. आजचा फोटो मी पुसणार नाही, पण काकांना उद्या सांगीन की मासा टाकला होता. दोनदा.

निघताना मादी त्याच वाळल्या झाडावर बसली होती. चोचीने मासा उघडत होती. मध्येच पपायरसचा पांढरा तुकडा सुटून पाण्यात पडला आणि तरंगत जलपर्णीकडे गेला. कॅप्टनने तो पाहिला, मीही पाहिला. त्याने इंजिनची दोरी ओढली.