चेनसॉ अडकायचा नसेल तर आधी ओंडका नीट बघा

पडलेल्या झाडाचे तुकडे करताना चेनसॉ अडकला की लोक म्हणतात चेनची धार गेली, मशीनमध्ये दम नाही. पण नवीकोरी चेनसुद्धा तितकीच घट्ट अडकते, कारण बारला, म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते त्या लांब पट्टीला, धरून ठेवतं ते लाकडाचं वजन. म्हणून मशीन चालू करायच्या आधी खोडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा आणि ते कुठे टेकलंय, कुठे अधांतरी आहे ते वाकून बघा. खाली एखादी फांदी दबलेली असते, वरून दिसतच नाही आणि अख्खं वजन तिच्यावरच असतं.

एक ओली काडी दोन्ही हातांनी वाकवून बघा, आतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची ताणली जाते, खोडाचंही तसंच. दोन्ही टोकं टेकलीत आणि मधला भाग अधांतरी असेल तर वर दाब आणि खाली ताण, एक टोक नुसतं बाहेर लटकतंय तर बरोबर उलटं, वर ताण आणि खाली दाब. आधी दाबाच्या बाजूने साधारण एक तृतीयांश कापायचं, त्याहून खोल गेलात तर तिथेच बार पकडला जाणार, आणि मग ताणाच्या बाजूने येऊन त्या कापाला मिळायचं. खालून वर कापताना बारची वरची कड वापरली जाते आणि मशीन आपल्या अंगावर ढकललं जातं, तेव्हा पाय रोवून आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून. बारच्या टोकाचा वरचा भाग कशालाही लागू द्यायचा नाही, किकबॅक, म्हणजे बार अचानक उसळून अंगावर येणं, तिथूनच बसतो.

सगळं खोड जमिनीवर सपाट पडलं असेल तर वरून तीन चतुर्थांश कापा, बाकीचं खोड फिरवून वरूनच कापा. खाली मातीत चेन गेली की धार क्षणात जाते. आणि अशा वेळी पाचर हवीच, प्लॅस्टिकची, लोखंडाची नको, कारण चेन तिला लागलीच तर दात वाचतात. बार पूर्ण आत गेला, मागे जागा झाली, की लगेच पाचर ठोकायची. चीर मिटायला लागल्यावर ठोकू म्हटलं तर बहुतेकदा उशीर झालेला असतो.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे कापताना नजर चिरेवर ठेवणं. चीर उघडत असेल तर तुम्ही ताणाच्या बाजूला आहात, बार मोकळा आहे, पण लाकूड अचानक तुटू शकतं. दोन्ही कडा जवळ यायला लागल्या, चेन जड झाली, की चेन फिरत असतानाच बार बाहेर काढा, थोडं अजून कापू म्हणून रेटू नका. दोन झाडांमध्ये आडवं अडकून धनुष्यासारखं वाकलेलं खोड असेल तर ताण वाकाच्या बाहेरच्या बाजूला असतो, तिथे दाबाच्या म्हणजे आतल्या बाजूला उभं राहायचं कारण सुटलं की ते बाहेरच्या बाजूला उसळतं, आणि ते जाड असेल तर खरंच जाणकार माणसाला बोलवा. उतारावर तर कायम वरच्या बाजूला उभं राहा.

तरीही अडकलाच तर आधी इंजिन बंद. ओढाताण करू नका, बार वाकतो. पाचर ठोकून किंवा पहारीने खोड उचलून चीर थोडी उघडली की तो सहज निघतो. तेही जमलं नाही तर कव्हरचे नट काढा, इंजिनचा भाग वेगळा करून घ्या, बार आणि चेन राहू देत लाकडात. मग दुसरा चेनसॉ असेल तर फूटभर अंतर सोडून नवा काप घ्या, यावेळी दाब कुठे आहे ते बघून.