माणसांची भिंत

नाटकावरून केलेला सिनेमा पाहायला मराठी माणूस फूटपट्टी घेऊनच बसतो. ‘नाटकात इथे हमखास टाळी यायची’, ‘नाटकातला नाना फडणवीस असा नव्हता’ वगैरे. तीच फूटपट्टी घेऊन मी १९७६चा ‘घाशीराम कोतवाल’ लावला आणि अर्ध्या तासात वैतागलो. अरे, तो ठेका कुठाय?

वैतागणारच ना. पेशवाईतल्या पुण्याच्या कोतवालावरचं विजय तेंडुलकरांचं हे नाटक अंगात भिनतं ते गाण्या-नाचण्यातून. १९७२ साली पुण्यात ते रंगमंचावर आलं. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्यं कृष्णदेव मुळगुंदांची. कीर्तन म्हणावं तर मध्येच लावणी, लावणी म्हणावं तर पुन्हा हरिनाम. आणि ती ब्राह्मणांची रांग! खांद्याला खांदा लावून डुलणारी. पाठ फिरवली की भिंत, तोंड वळवलं की अख्खं पुणं. भिंतीआड काय चाललंय ते आपण ओळखायचं, आणि ओळखलं की आपणही त्यातले. इतकं स्वस्त आणि इतकं भयंकर नेपथ्य मी दुसरं पाहिलेलं नाही.

कॅमेऱ्यापुढे मात्र अशी भिंत लंगडी पडते. त्याला मागे जाऊन डोकावता येतं.

फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या पोरांनी सहकारी संस्था काढली, बँकेचं कर्ज घेतलं आणि हा सिनेमा केला. दिग्दर्शक म्हणून मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप अशी चार-चार नावं. (चौघांत भांडणं किती झाली असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.) पटकथा तेंडुलकरांचीच. नाना रंगमंचावरचेच, मोहन आगाशे. घाशीराम मात्र ओम पुरी, तेव्हा अगदी नवखा.

या मंडळींनी ती भिंत पुन्हा उभारायचा हट्ट धरला नाही, हे मला दुसऱ्यांदा पाहताना कळलं. कॅमेरा घाईघाईने तुकडे पाडत नाही, बघत राहतो. शेवटचा प्रसंग तर जवळपास दहा मिनिटं सलग. रंगमंचावर घाशीरामाचा शेवट होतो तेव्हा ठेका आपल्याला वाहून नेतो, आपण जमावाबरोबर नकळत मान हलवतो. इथे वाहून न्यायला कुणी नाही, आणि नजर दुसरीकडे वळवून देणारा कटही नाही. आणीबाणीच्या वर्षात केलेला हा सिनेमा आहे, हे तिथे आठवतंच.

पुढे त्याची प्रिंटच कित्येक वर्षं दिसेनाशी झाली. मिळाली ती थेट बर्लिनच्या आर्सेनल या सिनेमे जपणाऱ्या संस्थेत. पुण्याच्या कोतवालाची कथा जर्मनांनी जपली!

परवा एका मित्राला हा सिनेमा दाखवला. पंधराव्या मिनिटाला तो म्हणाला, “पण नाटकात इथे...”

“गप. बघ,” मी म्हणालो.