साठा होता, पोतं नव्हतं

मृग लागून दोन दिवस झाले होते. निपाणीत आभाळ भरून आलेलं आणि सोयाबीनच्या पेरणीसाठी सगळ्यांना खत आजच हवं होतं. सकाळी मालकांचा फोन आला, "चिकोडीच्या सोसायटीला 300 पोती युरिया द्यायचाय. आहे ना?" मी कॉम्प्युटर बघितला. 840 पोती. म्हटलं, आहे की!

गोडाऊनचं शटर उघडलं आणि माझीच करामत समोर आली. युरिया मागच्या भिंतीकडे होता आणि मधल्या गल्लीत आठवड्यापूर्वी मीच डीएपी, म्हणजे दुसरं खत, लावून घेतलं होतं. 'दोनच दिवस' म्हणून.

तेवढ्यात तवंदी घाट उतरून युरियाचे तीन ट्रक दारात. बेळगावला रेक, म्हणजे खताची अख्खी मालगाडी, लागली की वॅगन वेळेत रिकाम्या कराव्या लागतात, नाहीतर रेल्वेचा दंड बसतो. त्यामुळे माल असा एकदमच येतो. 16 टनांचा ट्रक, 45 किलोचं पोतं, म्हणजे एकात 355 पोती. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून, "लगू इळिसरी!" म्हणजे लवकर उतरवा!

आमचं गोडाऊन 60 बाय 40 फूट. भिंतीपासूनची मोकळी जागा, गल्ल्या आणि दारापुढचा भाग सोडला की 1500 चौरस फूट उरतं. पोत्याला सहा चौरस फूट धरले तर एका थरात 250 पोती, बारा थरांत 3000. आत होती 2240. म्हणजे 760 ची जागा शिल्लक! मी हे हमालांचे मुकादम असलेल्या मामांना वहीत दाखवलं. त्यांनी वही न बघताच वर बोट केलं. शिल्लक जागा होती ती अर्ध्या थप्प्यांच्या डोक्यावर. डीएपीवर युरिया रचला तर उद्या डीएपी कसं काढणार?

"पहिली गाडी इथं उतरवूच नका, तशीच चिकोडीला जाऊ दे," मामा म्हणाले. मला हे सुचलं नव्हतं, कबूल. नवीन कागद केले, 55 पोती उतरवून घेतली आणि 300 घेऊन ट्रक परत रस्त्याला लागला.

मग डीएपीच्या तीन अर्धवट थप्प्या मोडून दोन पूर्ण केल्या. तेव्हा कुठं जमीन दिसली. दुसरा ट्रक उतरता उतरता पाऊस आला. भिजलेला युरिया म्हणजे दगड, म्हणून तिसरा ट्रक ताडपत्री ओढून रात्रभर उभा. हॉल्टिंग, म्हणजे ट्रक थांबवल्याचे पैसे, आणि हमालांची दुबार हमाली मालकांनी माझ्यासमोर मोठ्यानं वाचून दाखवली.

चार दिवसांनी मागचा जुना युरिया हाती आला. खालच्या थरातली अकरा पोती घट्ट झालेली.

मामांनी गल्लीच्या दोन्ही कडांना चुन्याच्या रेघा मारल्या. पुढच्याच आठवड्यात माझ्याकडे पोटॅशची 40 पोती जास्तीची आली. मी गल्लीकडे बघितलं. मामा रेघेवर पाट टाकून बसले आणि तंबाखू मळायला लागले.