पासपोर्टवरचा शिक्का आणि 12-8 ची लढत

सप्टेंबर 2015. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजला मी तेव्हा फिजिओथेरपिस्ट होते. इनडोअर लॅक्रॉसच्या, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करायच्या खेळाच्या, जागतिक स्पर्धेसाठी माझी ड्यूटी लागली. यजमान होतं शहराला लागून असलेलं ऑनोंडागा नेशन, म्हणजे इरोक्वाय या मूलनिवासींच्या संघराज्यातल्या सहा राष्ट्रांपैकी एक. मूलनिवासींच्या स्वतःच्या भूमीवर असं जागतिक अजिंक्यपद पहिल्यांदाच होत होतं.

हा खेळ अंग सोलून काढतो. बर्फ काढलेलं हॉकीचं रिंक, भोवती कठडे, गोलकीपर धरून सहा-सहा जण आणि चेंडू ताब्यात आल्यापासून गोलवर मारायला 30 सेकंद. दोन्ही हातांत आडवी धरलेली काठी समोरच्याच्या अंगावर रेटणं नियमात बसतं. अंतिम सामन्याच्या सकाळी बाहेरून आलेल्या एका संघाचा खेळाडू माझ्याकडे आला. शर्ट वर केला, तर बरगड्यांवर पिवळे पडलेले जुने वळ आणि त्यांवर ताजे लाल. एकेक बरगडी दाबून पाहिली, खोल श्वास घ्यायला लावला. फ्रॅक्चर नव्हतं. बर्फ बांधत होते तेवढ्यात त्याने बॅगेतून पासपोर्ट काढला आणि त्यावरचा शिक्का मोठ्या कौतुकाने दाखवला. पाहुण्या संघांच्या पासपोर्टवर यजमान राष्ट्राने स्वतःचा शिक्का मारला होता.

मी स्वतः एच-वन-बी व्हिसावर होते. शिक्क्याची किंमत मला कुणी सांगायला नको. आणि 2010 मध्ये याच लोकांच्या मैदानी संघाला मँचेस्टरला जाता आलं नव्हतं, कारण त्यांचे हौडेनोसौनी (हे इरोक्वायांचं स्वतःचं नाव) पासपोर्ट ब्रिटनने मानले नाहीत. अमेरिकेचे किंवा कॅनडाचे पासपोर्ट घेऊन जाता आलं असतं. ते गेले नाहीत.

संध्याकाळी ड्यूटी कठड्याजवळ होती. इरोक्वाय विरुद्ध कॅनडा. स्टँडमध्ये जांभळे झेंडे, आज्यांपासून तान्ह्या पोरांपर्यंत सगळं गाव. कॅनडा 12-8 ने जिंकलं. 2003 च्या अंतिम सामन्यात फरक होता 21-4 इतका. 2007 ला हॅलिफॅक्समध्ये जादा वेळेत 15-14 ने हुकलं, 2011 ला प्रागमध्ये 13-6. पुढे 2019 ला 19-12. दर वेळी समोर कॅनडाच. नुसता पराभवांचा तक्ता म्हणून मला हे वाचवत नाही. एका बाजूला अख्खा कॅनडा, दुसऱ्या बाजूला सीमेच्या अलीकडे-पलीकडे विखुरलेल्या वस्त्या. त्यांतल्या अक्वेसास्ने या वस्तीच्या तर मधूनच अमेरिका-कॅनडाची सीमा जाते.

2022 पासून हा संघ हौडेनोसौनी नॅशनल्स म्हणून खेळतो. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉस परत येतंय, पण राष्ट्रीय ऑलिंपिक समिती असलेल्या देशांनाच प्रवेश, असं ऑलिंपिकवाल्यांचं म्हणणं. मला ते अजिबात पटत नाही. त्या संध्याकाळी मी ज्यांना खेळताना पाहिलं, त्यांना अमेरिका आणि कॅनडाच्या जर्सीत वाटून टाकायचं म्हणजे त्यांचा संघच नाकारायचा.