पालथे कप

कुणाच्याही घरी चहा पुढे आला, की मला आधी कप उलटा करून बघावासा वाटतो. आत चहा असतो म्हणून गप्प बसते, एवढंच. मध्यंतरी एका मैत्रिणीकडे रिकाम्या कपाचं बूड वाचताना पकडले गेले. तिला वाटलं, कप नीट धुतलाय का ते बघतेय.

ओहायोत राहायला आले तेव्हा इस्टेट सेल हा प्रकार कळला. घरातलं माणूस गेलं, की पुष्कळदा त्याचं सगळं सामान घरातच मांडून विकायला काढतात. परक्याच्या स्वयंपाकघरात शिरून कपाटं उघडायची, हे सुरुवातीला जिवावर यायचं. आता सरळ काचेच्या कपाटाकडे जाते. तिथेच हे कप सापडतात: तीन इवलेसे पाय, नाजूक कान, आतून मोत्यासारखी झाक, बाहेरून गुलाब, कडेला सोनेरी रेघ. पहिली कपबशी चार डॉलरला घेतली ती इंग्लंडची समजून. घरी येऊन पालथी केली, तर खाली 'जपान'. आपण हिला चिनी माती म्हणतो, घडवली जपान्यांनी, गुलाब युरोपचे आणि गिऱ्हाईक अमेरिकेचं.

तेव्हापासून कपाच्या तोंडापेक्षा बुडातच माझा जीव जास्त. अमेरिकेच्या १८९०च्या मॅकिन्ली टॅरिफ कायद्याने बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव इंग्रजीत घालणं भाग पाडलं. जपान्यांनी रोमन अक्षरांत 'निप्पॉन' लिहिलं. तीसेक वर्षं ते खपलं. मग १९२१मध्ये कस्टम्सवाल्यांनी ठरवलं, की हा शब्द जपानी आहे, चालणार नाही; 'जपान' लिहा. आपल्याच देशाचं आपलंच नाव, पण चालणार नाही! (त्यामुळे 'निप्पॉन' छापलेले कप आज भाव खातात, आणि म्हणून नकली छापाचेही निघतात.)

या सगळ्यात माझा जीव अडकतो तो एका शिक्क्यावर. युद्ध हरल्यावर जपान अमेरिकी फौजांच्या ताब्यात होता. १९४७ ते १९५२ या काळातल्या बऱ्याच मालावर 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असं छापलेलं असतं. माझ्याकडे असे सहा कप आहेत. एकाच्या बाहेर निळी फुलं, इतक्या बारीक कुंचल्याची की केसर मोजता यावेत. आणि खाली लाल अक्षरांत, किंचित तिरका, तो शब्द. फुलं रंगवणाऱ्या हातानेच कप उलटा करून शिक्काही मारला असेल का, हे मला कधी कळणार नाही. आणि आम्ही गोळा करणारे त्याच शब्दासाठी दोन डॉलर जास्त मोजतो, याची मला अधूनमधून लाज वाटते. घेणं काही थांबत नाही.

नागोयाच्या नोरिताके कंपनीने त्याच सुमाराला वेगळंच केलं. युद्धानंतरचा माल पूर्वीच्या तोडीचा होत नव्हता, म्हणून त्यांनी त्यावर स्वतःचं नाव घातलंच नाही. 'रोझ चायना' असा शिक्का मारून विकला. तसा एक कप मी शोधतेय. अजून मिळालेला नाही.

हे कप डिशवॉशरमध्ये घालायचे नाहीत, सोनं उडतं. मायक्रोवेव्हमध्ये तर ठिणग्याच. बाकी मी त्यातून रोज चहा पिते, आलं घालून उकळलेला, आणि पसरट तोंडामुळे तो पटकन निवतो.

गेल्या उन्हाळ्यात बाबा साताऱ्याहून आले. मी कौतुकाने त्यांना 'ऑक्युपाइड'वाला कप दिला, खास जाळीच्या कडेच्या बशीसकट. त्यांनी कप डोळ्यांजवळ नेऊन खालचं वाचलं.

"ऑक्युपाइड? विमानात संडासाच्या दारावर होतं, ते?"

मी पाच मिनिटं इतिहास सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकला, कप सुलटा केला, चहा घेतला आणि सवयीने बशीत ओतला. चहा काठापर्यंत चढला आणि जाळीतून चारी बाजूंनी टेबलक्लॉथवर उतरला.

"अगं, भोकं आहेत हिला," बाबा म्हणाले. "पावती आहे ना? देऊन ये परत."