हलशीचं शिखर, कार्डशीटचं

बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या हलशीचं भूवराह नरसिंह मंदिर कागदात करायला घेतलं ते शिखरासाठी. कदंब राजघराण्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचं हे शिखर म्हणजे एकावर एक आडवे थर, वर जाताना आखूड होत गेलेले. सरळ कडांचं काम, कार्डशीटला मानवणारं. मंदिरात समोरासमोर दोन गाभारे आहेत. मी एकाच शिखरावर थांबलो.

नमुना इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढला. सात थर, प्रत्येक थर म्हणजे डबीचं उथळ झाकण. खालचा 60 मिमी चौरस, मग प्रत्येक 7 मिमीने लहान, शेवटचा 18. उंची सगळ्यांची 6 मिमी. मंदिराची ही मापं नव्हेत, ए4च्या दोन पानांत मावावीत म्हणून धरलेली.

कागद 220 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). 300 घेतला तर 6 मिमीच्या घड्या फुगतात, 160 घेतला तर थर बोटाखाली दबतो. प्रिंट काढताना ‘फिट टू पेज’ (पानात बसवायला चित्र लहान-मोठं करणारी सेटिंग) बंद हवं. दोन्ही पानं सारखीच लहान झाली तर बिघडत नाही; एक पान आज, दुसरं उद्या वेगळ्या सेटिंगवर निघालं की घोटाळा. 3 टक्क्यांचा फरक 60 मिमीवर जवळपास 2 मिमी होतो. म्हणून प्रत्येक पानावर 10 सेंमीची रेघ ठेवतो आणि झेरॉक्सच्या दुकानातच पट्टीने मोजतो. आपल्याकडे बेळगावात ‘नूरु पर्सेंट’, म्हणजे शंभर टक्के, असं कन्नडातही सांगून ठेवलेलं बरं.

आधी घडीच्या रेघा दाबायच्या, कापायचं नंतर. पान अख्खं असलं की पट्टी सरकत नाही. शाई संपलेलं बॉलपेन आणि स्टीलची पट्टी पुरते. रेघ दबली पाहिजे, कापली जाता कामा नये. बाहेर वळणाऱ्या घडीला छापील बाजूने दाबायचं. आत वळणारी असेल तर रेघेच्या दोन्ही टोकांना टाचणीने भोक पाडून पान उलटं करायचं आणि त्या दोन भोकांमध्ये मागून रेघ मारायची. लेझर प्रिंटचा रंग घडीवर तडकतो, पांढरी रेघ दिसते. कडांना रंगीत पेन्सिल फिरवली की लपते. हे चिकटवण्याआधीच करायचं, कारण फेव्हिकॉल लागलेल्या जागी रंग धरत नाही.

फेव्हिकॉल थेट बाटलीतून नको. टाइलच्या तुकड्यावर थेंब काढून थोडा घट्ट होऊ द्यायचा, मग टूथपिकने जोडपट्टीवर पातळ पसरायचा. पट्टी ओली दिसली म्हणजे जास्त झाला: कागद पाणी पितो, कड लाटेसारखी होते आणि वाळल्यावरही तशीच राहते. दाबून वीसपर्यंत मोजायचं.

सगळ्यात जास्त चुकतं ते थर रचताना. डोळ्यांनी मध्य धरला तर प्रत्येक वेळी अर्धा मिमी सरकतो, कोनही जरासा फिरतो, आणि सातव्या थरापर्यंत शिखर पिळल्यासारखं दिसतं. यावर उपाय नमुन्यातच करायचा. प्रत्येक झाकणाच्या माथ्यावर पुढच्या थराचा चौकोन फिकट रेघेने छापून घ्यायचा. चारी बाजूंना साडेतीन मिमीची पायरी आपोआप पडते. खालचे तीन थर मोठे, त्यांचा माथा मध्यभागी खचतो. आत 6 मिमी उंच पट्ट्यांची फुली बसवायची. मात्र पट्टीच्या उंचीतून माथ्याच्या कागदाची जाडी वजा करायची, नाहीतर माथा फुगतो आणि वरचा थर डुलतो. मी पट्टी 5.5 मिमीची कापतो.

कळसाच्या पट्टीला आधी टेबलाच्या कडेवरून ओढून वाक द्यायचा, मग ती सुईभोवती गुंडाळायची.

जून ते सप्टेंबर हे काम बेळगावात जिकिरीचं. कार्डशीट दमट होते, दाबलेली रेघ बोथट पडते, जोड सुटतात. उरलेली पानं प्लास्टिकच्या पिशवीत सपाट ठेवायची. तयार शिखराचा तळ मात्र उघडा ठेवायचा, म्हणजे आतला ओलावा निघून जातो.