आधी अरिता, मग क्योतो : जुन्या इमारी ताटाने शिकवलेलं

४२,००० येन सांगितले, ३८,००० ला दिलं, आणि वर मीच त्या विकणाऱ्याला कमरेत वाकून नमस्कार केला. आपल्या पैशात बावीस हजारांच्या आसपास. फूटभर रुंदीचं निळं-पांढरं ताट, ‘ताकोकाराकुसा’ नक्षीचं, म्हणजे ऑक्टोपसच्या पायांसारख्या वळणावळणाच्या वेली. मागे चिठ्ठी : को-इमारी, जुनं इमारी, म्हणजे जपानातल्या अरिता गावची चिनी मातीची भांडी. दोन दिवसांनी कळलं की त्या ताटाच्या काठाचा चार बोटं रुंद तुकडा चिनी मातीचा नाहीच.

म्हणून हे लिहितेय. व्हिसा, रेल्वेचा पास, शाकाहारी जेवण कुठे मिळतं, हे इथे सापडणार नाही. पहाटे चारला उठून थंडीत पाच तास उभं राहता येतं आणि पाठीवर आठ-नऊ किलो पेलतं, एवढं धरून चालते. पुण्याच्या जुन्या बाजारात दर रविवारी हिंडणाऱ्याला एवढं जमायला हरकत नाही.

माझी पहिली चूक म्हणजे क्रम. मी आधी क्योतोत गेले आणि मग अरितात. तुम्ही उलट करा. कारण पुढे येईलच.

क्योतोच्या तोजी देवळात दर महिन्याच्या २१ तारखेला बाजार भरतो, ‘कोबो-सान’. कोबो दाइशी, म्हणजे बौद्ध गुरू कूकाई, हे ८३५ साली तिसऱ्या महिन्याच्या २१ तारखेला गेले, म्हणून ही तारीख. डिसेंबरचा तो वर्षातला शेवटचा, ‘शिमाई-कोबो’, आणि आमच्या वेळी वर रविवार. दहानंतर पाऊल टाकायला जागा नव्हती. दुकानं हजारावर, पण हुरळून जाऊ नका. बहुतेक लोणची, रोपं, सुकवलेली पर्सिमन आणि उबदार पायजमे. जुन्या भांड्यांवाले त्यातले थोडेच, विखुरलेले, आणि चांगला माल उजाडायच्या आत दुसरे व्यापारीच उचलतात. मी साडेपाचला पोचले तेव्हा माणसं ताडपत्रीवर ओणवी बसून बॅटरीच्या उजेडात ताटं उलटी करून बघत होती. पुढची बाजू कोणी बघतच नव्हतं. माझ्याकडे बॅटरी म्हणजे मोबाइलची, आणि तीही मी नक्षीवर मारत होते.

ते ताट तिथलंच. विक्रेता साठीचा, अगदी शांत. मी बोट दाखवलं, त्याने ताट माझ्या हातात दिलं, एक शब्द बोलला. ‘नाओशी.’ मला वाटलं गावाचं नाव असेल. मी हसून मान डोलावली. त्यानेही डोलावली. झाला व्यवहार.

त्यानंतरचा दिवस प्रवासात गेला. क्योतोहून शिंकान्सेनने हाकाता (फुकुओकाचं स्टेशन) पावणेतीन तास, तिथून ‘मिदोरी’ एक्सप्रेसने अरिता सव्वा-दीड तास. ताट मांडीवर. खिडकीतून सुंदर दिसत असेल.

अरिता हे या सगळ्याचं मूळ गाव. इमारी हे जवळच्या बंदराचं नाव; माल तिथून चढायचा म्हणून नाव बंदराचं पडलं, जसा आपल्याकडे कुठल्याही गावचा आंबा रत्नागिरीच्या नावाने खपतो. १६१६ च्या सुमारास यी साम-प्यॉंग या कोरियाहून आणलेल्या कुंभाराला इथल्या इझुमियामात पोर्सेलीनचा, म्हणजे या चिनी मातीच्या भांड्यांचा दगड सापडला अशी परंपरेने चालत आलेली गोष्ट आहे. १६५९ ला डच ईस्ट इंडिया कंपनीने मोठी मागणी नोंदवली आणि ही भांडी जहाजं भरभरून युरोपात जायला लागली. तेव्हा चिठ्ठीवर नुसतं ‘इमारी’ लिहिलेलं असेल तर त्यातून काळ कळत नाही. ‘को’ म्हणजे जुनं, पण किती जुनं ते विकणाऱ्याच्या मनावर. आणि ‘उत्सुशी’ हा शब्द दिसला तर ती नक्कल. जपानात उजळ माथ्याने केलेली, उत्तम नक्कल, पण नक्कल.

स्टेशनपासून चढावर दहा-बारा मिनिटं चालल्यावर क्यूशू सिरॅमिक म्युझियम लागतं. कायमची दालनं फुकट, सोमवारी बंद. शिबाता दांपत्याने दिलेला दहा हजारांवर भांड्यांचा संग्रह तिथे आहे, त्यातला बराच काळाच्या क्रमाने मांडलेला. दोन तास त्या कपाटांपुढे काढले आणि मला माझ्याच ताटाची लाज वाटायला लागली. सुरुवातीच्या इमारीची बैठक, म्हणजे ताट ज्यावर टेकतं ते तळाचं कडं, केवढी लहान, ताटाच्या जेमतेम एक तृतीयांश. नंतरच्या ताटांच्या तळाला बारीक ठिपके, भट्टीत मधला भाग खचू नये म्हणून लावलेल्या टेकूंचे व्रण. जुना निळा जरा राखाडी, शांत; मेइजी काळात (१८६८-१९१२) परदेशी रासायनिक कोबाल्ट आल्यानंतरचा निळा जांभळट, डोळ्यात घुसणारा. हे सगळं बाजाराच्या आधी बघायचं असतं.

त्यानंतर गावातल्या एका जुन्या दुकानात गेले. दुकान सांभाळणाऱ्या आजीबाई सत्तरीपुढच्या. मी काही विकत न घेता ताटच पुढे केलं. त्यांनी ते चष्म्याजवळ नेलं नाही की काही नाही. डाव्या हाताच्या तीन बोटांवर तोललं, उजव्या हाताच्या नखाने टिचकी मारली. आवाज ‘टण्ण’ यायला हवा, आला ‘टक’. मग माझंच बोट धरून त्यांनी काठावरून हळूहळू फिरवलं. दुकानात थंडी मरणाची, काठ बर्फासारखा गार. गार, गार, गार, आणि मग एका ठिकाणी गार नाही. चार बोटं रुंद. पुन्हा गार. त्या म्हणाल्या, ‘नाओशी.’

नाओशी म्हणजे दुरुस्ती. सोन्याने सांधलेलं किंत्सुगी सगळ्यांना माहीत असतं, ते उघड असतं, त्यात फसवणूक नाही. ही होती ‘तोमोनाओशी’ : तुटलेल्या जागी भराव घालून, वर तोच रंग, तीच नक्षी ओढून दुरुस्ती दिसूच नये अशी केलेली. अशा ताटाचे किती, म्हणून विचारलं. आजीबाईंनी कॅल्क्युलेटरवर १२,००० उमटवले आणि थोडा विचार करून ते १०,००० केले.

रात्री नागोयाला असलेल्या भावाला चिठ्ठीचा फोटो पाठवला. दोन मिनिटांत त्याचा फोन. ‘ताई, कोपऱ्यात नाओशीचं अक्षर आहे की. लिहून दिलंय त्याने.’ दिलंय, खरं आहे. पण ते अक्षर तिळाएवढं आणि किमतीचे आकडे बोराएवढे. आणि दुरुस्तीसकट जे दहा-बारा हजारांचं, ते अडतीसला देताना त्याचा हात थरथरला नाही. जपानात कोणी फसवत नाही असं सांगणाऱ्यांना माझा दंडवत. फसवत नाहीत; तुम्ही स्वतः फसेपर्यंत अदबीने उभे राहतात.

ते अक्षर तेवढं पाठ करा. वर अधिकचं चिन्ह, खाली शिडीसारखी उभी चौकट, आणि डावीकडून खाली येऊन उजवीकडे वळणारी काटकोनी रेघ. कानावर पडणारे शब्द आणखी तीन : ‘न्यू’ म्हणजे केसासारखी चीर, ‘होत्सु’ म्हणजे काठाचा टवका, ‘मुकिझु’ म्हणजे एकही दोष नाही. विकत घेण्याआधी ‘नाओशी आरिमासु का?’ (दुरुस्ती आहे का?) एवढं विचारायचं आणि उत्तर ऐकायचं, मान डोलवायची नाही. नोटा तपासायची निळी बॅटरी नेली तर उत्तमच. दुरुस्तीचा रंग त्या उजेडात बऱ्याचदा वेगळा चमकतो. हिवाळ्यात मात्र बोट पुरतं. हातमोजे काढून.

तळावरच्या शिक्क्यांवर विश्वास ठेवू नका. सहा अक्षरांचा ‘ताइमिन सेइका नेन्सेइ’ शिक्का म्हणजे ‘महान मिंग, चेंगह्वा काळात बनवलेलं’. चेंगह्वा १४६५ ते १४८७, म्हणजे अरितात पोर्सेलीन बनायच्या सव्वाशे वर्षं आधी. चिनी मालाचा दबदबा होता म्हणून अरितावाले सर्रास लिहायचे. इंग्रजीत ‘निप्पॉन’ (जपान) असेल तर ते १८९१ नंतरचं, अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केल्यावरचं.

सात्सुमा प्रांताच्या नावाची भांडी? नको. बायकांच्या आणि साधूंच्या चित्रांनी ठासून भरलेल्या त्या सोनेरी फुलदाण्या पर्यटकांपुढे पहिल्यांदा सरकवतात. तळाला वर्तुळात अधिकचं चिन्ह दाखवून ‘शिमाझू घराणं’ म्हणतात. ते चिन्ह सात्सुमाच्या सरदारांचं, शिमाझूंचंच, पण परदेशी गिऱ्हाइकासाठी घाऊक बनवलेल्या मालावरही ते आहे, आणि तो माल सात्सुमाबाहेर क्योतो-योकोहामातही रंगवला जायचा.

नवख्याने काय घ्यावं? सोबा-चोको, नूडल्सच्या रसाचे सरळसोट छोटे पेले. साधे मला ३,००० ते ८,००० येनमध्ये दिसले, हातात मावतात, दोष लपायला जागा नाही, बॅगेत एकात एक जातात. किंवा मेइजीतल्या छापील नक्षीच्या ताटल्या, ‘इनबान’. नक्षी जिथे नीट जुळलेली नाही तो सांधा शोधा, सापडतोच. पाचशे-हजार येनला एक. त्याला कोणी प्राचीन म्हणून विकत असेल तर पुढे चला.

भाव करताना तुळशीबाग डोक्यातून काढून टाका. अर्ध्यापासून सुरुवात केलीत तर माणूस रागावणार नाही, फक्त तुम्हाला दिसेनासा होईल. दोन-तीन वस्तू एकत्र धरून ‘सुकोशी यासुकु नारिमासु का?’ (थोडं स्वस्त होईल का?) म्हटलं की दहा टक्के सुटतात. बाजारात रोख लागते, सुटी.

२९ एप्रिल ते ५ मेच्या अरिताच्या जत्रेला जुन्या भांड्यांसाठी जाऊ नका. लाखोंची गर्दी आणि बहुतेक नवा माल. ओकावाचियामा हे इमारीजवळचं कुंभारांचं गावही जुन्यासाठी नको. नाबेशिमा सरदारांनी कारागिरी बाहेर जाऊ नये म्हणून कुंभारांना तिथे डोंगरात नाक्याआड ठेवलं होतं. बसची सोय बघता नाका अजून उठलेला नाही. मी बस चुकवून इमारी स्टेशनपर्यंत चालत आले, पाठीवर नऊ किलो, पावसात. गाव म्हणे फार देखणं आहे.

बांधाबांध : बुडबुड्यांच्या प्लास्टिकला तिथे ‘पुचिपुचि’ म्हणतात, शंभर येनच्या दुकानात मिळतं. ताटं आडवी रचू नका, पुस्तकांसारखी उभी ठेवा, मधे मोजे. चांगलं ते हातातल्या बॅगेत, पण सात किलोंत काय काय बसतं ते घरीच मोजून या.

आणि परतीचं तिकीट. मी २४ ला फुकुओकाहून निघाले, म्हणून २५ तारखेचा कितानो तेनमानगू देवळातला ‘तेनजिन-सान’ बाजार हुकला. तुम्ही १७-१८ ला फुकुओकात उतरा, अरितात दोन दिवस काढा, २० च्या रात्री क्योतोत झोपा, २१ ला तोजी, २५ ला कितानो, २६ ला ओसाकाहून परत. मधल्या दिवसांत देवळं वगैरे आहेतच.